बटण कुणाच्या हातात, हे विचारणाऱ्या अक्का

अक्का आमच्याकडे शेवटचं जेवायला आल्या त्या रविवारी मी त्यांच्याशी भांडले होते. भांडणाचं कारण भाकरी. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तरच तिच्या खाण्यात अर्थ, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्या दिवशी ताटं वाढून झाली, भाकऱ्या निवायला लागल्या, तरी अक्का ताटाला हात न लावता बसून होत्या. कारण त्यांच्या भावानं, म्हणजे माझ्या यजमानांनी, एक वाक्य सुरू केलं होतं आणि ते अजून संपलं नव्हतं. त्यांना कंपवात आहे. हात तर थरथरतोच, पण बोलणंही अडतं. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथंच थबकतो. "अक्का, त्या... त्या..." एवढं म्हणून ते थांबले. मला पक्कं माहीत होतं, त्यांना शेंगाची चटणी हवी होती. मी म्हणाले, "चटणी ना? देते की." तर अक्कांनी नुसता हात वर केला, वर्गात करायच्या तसा. "थांब, सुनंदा." मग आम्ही थांबलो. बरंच थांबलो. "त्या... पद्माबाईंच्या... गुडघ्याचं... काय झालं?" असं एकदाचं बाहेर आलं. पद्माबाई म्हणजे अक्कांच्या शेजारीण. चटणीचा काही संबंधच नव्हता. अक्का माझ्याकडे बघून गालात हसल्या आणि मी तडकून म्हणाले, "हसा तुम्ही. एवढं राबून गार भाकरी गिळायची शिक्षा मात्र मला."

या भांडणाचा उरलेला भाग पुढच्या रविवारी करायचा, असं मी मनात ठेवलं होतं. तो रविवार आला नाही... आता त्यांना जाऊन काही आठवडे झाले. पेपरात बातमी आली, तिच्यात 'मेंदूच्या तंत्रज्ञानातील नीतिप्रश्नांच्या ज्येष्ठ अभ्यासक प्रा. डॉ. कुमुद मंद्रूपकर' असं छापलं होतं, आणि शेजारी कुठल्यातरी ओळखपत्रावरचा, रागावल्यासारखा दिसणारा फोटो. अक्का रागावलेल्या मी फार थोड्या वेळा पाहिल्या. रागवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे. त्या माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावरही शिकणं थांबवलं नाही. मी शाळेत गणित शिकवलं. उत्तर आलं की खाली रेघ मारायची आणि पुढचं गणित घ्यायचं, ही माझी रीत. अक्कांचं उत्तर आलं, की त्या उत्तरालाच उलट प्रश्न विचारायच्या. आमचं जमलं कसं, हे आम्हा दोघींनाही कळलं नाही. एरवी नवऱ्याला मी 'अहो' म्हणते, पण इथं चंद्रकांत असं नावानंच लिहिते, वाचणाऱ्याचा गोंधळ नको. अक्कांचा तो चंदू.

अक्का या मेंदूच्या नादाला लागल्या, ते मला लख्ख आठवतं. पुण्याला कसलीशी परिषद होती. परत आल्या त्या स्टँडवरून थेट आमच्याकडे, खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता. तिथं त्यांनी एक फिल्म पाहिली होती. मानेखाली सगळं शरीर लुळं पडलेला एक तरुण, डोक्यात यंत्र बसवलेलं, आणि तो नुसता विचार करतो तसा समोरच्या पडद्यावरचा बाण हलतो. त्यानं तसंच आपलं नाव लिहिलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठलं. "मीसुद्धा रडले गं," अक्का म्हणाल्या. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि अक्कांनी उभं राहून विचारलं, की हे यंत्र बंद करायचं बटण कुणाच्या हातात आहे? फिल्म दाखवणारा म्हणाला, अर्थात आमच्या टीमच्या. अक्कांनी विचारलं, आणि त्यालाच बंद करावंसं वाटलं तर? तेव्हा अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तांत्रिक प्रश्न आपण चहाच्या वेळी घेऊ. एवढं सांगून अक्का मला म्हणाल्या, "सुनंदा, चहाच्या वेळी मला कुणी भेटलंच नाही की." मी हसत सुटले. त्या मात्र हसत नव्हत्या. बरोबरीच्या प्राध्यापिका मुलींची लग्नं जमवत होत्या, त्या वयात अक्का मेंदूच्या चित्रांची जाडजूड पुस्तकं आणून तोंडपाठ करायला लागल्या. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन मला मेंदूचे भाग दाखवायच्या, आणि मी म्हणायचे, दाखवून झालं असेल तर इकडे द्या, भाजी करायची आहे.

मग त्या हिंडायला लागल्या. ज्यांच्या मेंदूत अशा तारा बसवल्या आहेत, कुणाला कंपवातासाठी, कुणाला फिट येते म्हणून, अशा माणसांच्या घरी एसटीनं जायच्या. विजापूरपासून लातूरपर्यंत. त्यांची पद्धत एकच. पेशंटच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं, एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. मधे कुणी बोललेलं चालायचं नाही. आपल्याकडे आजारी माणसाला 'कसं वाटतंय' विचारलं की बायको उत्तर देते, मुलगा उत्तर देतो, शेजारी देतो. ज्याला विचारलं तो तेवढा राहतो. त्यावर अक्कांनी तोड काढली होती. गेल्या गेल्या घरच्यांना म्हणायच्या, "जरा चहा टाकता का?" चहा त्यांना मुळीच आवडत नव्हता. पण घरचे आत गेले, की तेवढ्या वेळात माणूस खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. या संशोधनापायी त्यांना पित्ताचा त्रास लागला, तो कायमचा. एका घरी एका बाईंनी त्यांना सांगितलं होतं, की यंत्र बसवल्यापासून फिट येत नाही, देव पावला. पण फिट येण्याआधी मला एक गोड वास यायचा, तोही येईनासा झालाय, आणि त्याची आठवण येते असं घरात सांगितलं तर मला वेड्यात काढतील. हे सांगून अक्का म्हणाल्या, "बघ, बरं करताना आपण त्यांचं काय घेतलं, हे आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं." मला तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं. फिट गेली ना, मग वासाचं काय घेऊन बसायचं, असं माझं रोखठोक गणित होतं.

त्यांचा मिस्कीलपणा लोकांना माहीत नाही, म्हणून एक प्रसंग लिहितेच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखानदाराच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. कामगारांच्या कपाळाला मेंदूतल्या लहरी टिपणारा एक पट्टा बांधायचा. लक्ष मागावरून उडालं, की ऑफिसातल्या पडद्यावर लाल दिवा. शहरातल्या विदुषी म्हणून अक्कांना त्यानं सल्ल्यासाठी बोलावलं, मीही बरोबर गेले. अक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "छान आहे. आधी आठवडाभर तुम्ही बांधा आणि पडदा खाली कामगारांच्या जेवणाच्या जागेत लावा. मालकांचं लक्ष कुठे कुठे जातं, ते त्यांनाही कळू दे की." तो बिचारा हसला आणि पुन्हा त्या पट्ट्याचं नाव त्यानं काढलं नाही. परत येताना रिक्षात अक्का मला म्हणाल्या होत्या, माणूस मागावर हात ठेवून मनानं गावाला जाऊन येतो, तेवढं तरी त्याचं त्याच्याकडे राहू दे.

आणि मग हे सगळं एक दिवस आमच्याच घरात आलं. चंद्रकांत एका चादरीच्या कारखान्यात डिझायनर होते. सोलापुरी चादरीवरचा मोर, वेल, जाळी हे सगळं आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढावं लागतं, मग त्यावरून मागाची तयारी होते. आता ते काम कॉम्प्युटरवर होतं, पण यांचा हात असा, की कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही लोक घरी येऊन डिझाईन काढून न्यायचे. त्यांच्या रेघा वाकड्या यायला लागल्या, तेव्हा मी चष्म्याला दोष दिला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. काही वर्षं गोळ्यांवर निभावलं, मग गोळ्या पुऱ्या पडेनात, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी सुचवलं, की मेंदूत बारीक तारा बसवायच्या, छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवायची, हात थांबेल. घरात सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. तुम्ही यातल्या, तुम्ही सांगा, करायचं की नाही? अक्का काही बोलेनात. मी खवळले. "जन्मभर दुसऱ्यांच्या मेंदूवर व्याख्यानं दिलीत, आणि घरच्या माणसाची वेळ आली तर तोंडात गुळणी धरून बसलात?" त्या शांतपणे म्हणाल्या, "चंदू सांगेल." चंदूनं सांगायला कितीतरी दिवस घेतले. आम्ही दोघी वाट बघत होतो. मी आदळआपट करत, त्या न करता. एका दुपारी ते आपल्या टेबलाशी बसले होते, समोर कोरा चौकटीचा कागद. म्हणाले, "हात... पायजे." अक्का त्याच संध्याकाळी आमच्याबरोबर पुण्याला जायची तयारी करायला लागल्या.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी मोबाइलएवढा एक रिमोट दिला आणि त्यात यंत्राच्या दोन पातळ्या ठरवून दिल्या, आम्ही त्यांना एक नंबर आणि दोन नंबर म्हणतो. एकवर विजेचा जोर कमी. थरथर थोडी राहते, चाल हळू, बोलणं अडखळत, पण मन पूर्वीसारखं. दोनवर जोर जास्त. हात एकदम स्थिर, चालणं मोकळं, जीभही सुटते. पण त्याबरोबर माणूसही बदलतो. सगळ्यांचा असा बदलतो असं नाही, यांचा बदलला. हसायला लागले, गप्पा मारायला लागले, कशाचीच चिंता करेनासे झाले. दोन्हींतलं काही धोक्याचं नाही, घरी सोयीनं बदलत चला, असं डॉक्टर म्हणाले. मी रिमोट आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. पहिल्याच रविवारी अक्कांनी विचारलं, "हे हितं का?" मी म्हणाले, "त्यांच्या हातून पडलं तर?" "पडू दे की. शर्टाला खिसा आहे त्याच्या." इतकं बोलून त्यांनी रिमोट फळीवरून काढला आणि भावासमोर धरला. त्यानं तो घेईपर्यंत धरून उभ्या राहिल्या. मी मग कुरकुर करत त्यांच्या सगळ्या शर्टांना झाकणाचे खिसे शिवून घेतले.

पुढे चंद्रकांतनी आपली एक तऱ्हा बसवली. डिझाईन काढायचं दोनवर, बघायचं एकवर. मला आधी ते कळेना. हात दोनवर चालतो, तर दोनवरच राहा की! तेव्हा त्यांनी सांगितलं, "दोनवर सगळंच ब्येस वाटतं. मोराची मान चुकली तरी ब्येस." खरंच, दोनवर काढलेला एखादा मोर बघून ते स्वतःच वा वा म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी एकवर येऊन तोच कागद थरथरत्या हातानं बाजूला सारायचे. चूक बोचायला एक नंबर लागायचा. अक्कांना ही तऱ्हा इतकी आवडली, की त्यांनी ती आपल्या प्रत्येक व्याख्यानात सांगायचा सपाटा लावला. मला विचाराल तर मला दोन नंबर आवडायचा. स्पष्टच लिहिते. लग्नानंतर महिनाभर मला वाटत होतं, की या माणसाला मी पसंत नाही, इतका हा माणूस घुमा. दोनवर तेच माझ्याशी थट्टा करायचे, माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करायचे. म्हातारपणी का होईना, बोलका नवरा मिळाला, म्हणून मी खूश होते.

अक्कांची गोष्ट वेगळी होती. पहिल्यांदा त्यांनी भावाला दोनवर बघितलं, तेव्हा त्या घास हातात धरून बघतच राहिल्या. नंतर मोरीशी भांडी विसळताना मला म्हणाल्या, "सुनंदा, हा चंदू मला माहीत आहे. तुला नाही माहीत." मंद्रूपला, त्यांच्या गावी, लहानपणी तो असाच होता म्हणे. गाणारा, खोड्या काढणारा, दिसेल त्या भिंतीवर कोळशानं चित्रं काढणारा. वडील शाळेत मास्तर, घरची थोडी शेती. चंदू सोलापूरला चित्रकलेचं शिकायला आला आणि त्याच वर्षी वडील अचानक गेले. अक्का तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्यानं कुणाला न विचारता चित्रकला सोडली, चादरीच्या कारखान्यात लागला आणि अक्कांना म्हणाला, तू शीक. "त्यानंतर तो हळूहळू गप्प झाला," अक्का म्हणाल्या. "मी शिकत गेले आणि तो गप्प होत गेला. मला वाटत होतं, मोठा झाला म्हणून गप्प झाला. आता ती तार बसवली आणि हा बघ, परत आला." नळ तसाच वाहत होता आणि त्या रडत होत्या. जन्मभर त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं, की यंत्रानं माणूस बदलतो तेव्हा सावध राहा. आणि इथं त्यांना वाटत होतं, की यंत्रानं बदललेला हाच खरा असेल तर? मग जो इतकी वर्षं गप्प होता, तो कोण? त्या मेंदूच्या यंत्रांवर एक पुस्तक लिहीत होत्या, त्याचं शेवटचं प्रकरण याच प्रश्नाशी अडलं. दर रविवारी भावाला विचारायच्या, "चंदू, तू कंचा रे?" दोनवर असला तर तो हसून म्हणायचा, "दोगंबी." एकवर असला तर नुसता हात वर करायचा, थांब म्हणून.

मागच्या वर्षी मंद्रूपला यांच्या चुलतभावाची, भीमण्णांची वास्तुशांत होती. आम्ही तिघं गाडी करून गेलो. चंद्रकांत त्या दिवशी एकवर होते, त्यांच्या मर्जीनं. जेवणं झाल्यावर सगळे मांडवात बसले आणि भीमण्णा म्हणाले, "चंदू, त्या बैलाचं सांग की पोरास्नी." ती गोष्ट आमच्या घराण्यात प्रसिद्ध. लहानपणी बाजाराच्या आदल्या दिवशी चंदूनं शेजाऱ्याच्या पांढऱ्या बैलावर गेरूनं नखशिखांत वेलबुट्टी काढली होती, आणि सकाळी तो शेजारी समोर उभा असलेला आपलाच बैल सोडून गावभर बैल हुडकत फिरला होता. चंद्रकांतनी सुरुवात केली. "तो... बैल..." सगळे थांबले. "तो..." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागं कुणीतरी खुसखुसलं. भीमण्णा चांगल्या मनानंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, दमशील." मी अक्कांकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या हात वर करून सगळ्या मांडवाला थांबवतील. त्यांनी हात पुढे केला, तो भावाच्या खिशाकडे. झाकण उघडलं, रिमोट काढला, दोनचं बटण दाबलं आणि परत ठेवून दिला. चंद्रकांत नुसते बघत राहिले. हात आधी थांबला, आणि जरा वेळानं गोष्ट अशी काही रंगली, की मांडव हसून हसून लोळला. बैल, शेजारी, शेजारीण, सगळ्यांचे आवाज काढले त्यांनी. अक्का तोंडाला पदर लावून लहान मुलीसारख्या हसत होत्या. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

परतताना गाडी गावाबाहेर पडली आणि चंद्रकांतनी स्वतःच रिमोट काढून एक नंबर लावला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अक्का... तू... इचारलं न्हाईस." अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "न्हाय इचारलं." मग त्यांना हुंदकाच फुटला. "मला तवाचा चंदू पायजे होता रे. येकदाच." चंद्रकांतचे ओठ हलत होते. मला खरं म्हणजे मधे पडून 'जाऊ द्या, झालं ते झालं' म्हणायचं होतं, पण त्या दोघांच्या मधे पडायची माझी छाती झाली नाही. "मी..." ते म्हणाले, "मी... हितंच होतो की."

दुसरं कुणी असतं तर घरातली गोष्ट घरात पुरली असती. अक्कांनी पुढच्या व्याख्यानाला मंचावर उभं राहून सुरुवातच तिथून केली, की बटण कुणाच्या हातात असावं हे मी आयुष्यभर विचारत आले आणि वेळ आली तेव्हा मी ते न विचारता दाबलं. का दाबलं, तर प्रेमानं. वाईट माणसांपासून मेंदू कसा वाचवायचा ते आपण ठरवू, पण प्रेम करणाऱ्यांपासून कसा वाचवायचा? मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, या माझ्या नणंद.

आणि मग ती सकाळ. पद्माबाईंचा फोन आला. "ताई, अक्का उठत नाहीत ओ..." आंघोळ करून जरा पडल्या होत्या, तशाच गेल्या. मी टेबलाशी जाऊन यांना सांगितलं. ते दोनवर होते, टॉवेलची किनार काढत होते. पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "अरे रे. चल, निघू या." देहदान अक्कांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं, बघा म्हणावं माझाही मेंदू, असं हसून म्हणायच्या. मेडिकल कॉलेजातली सगळी कामं चंद्रकांतनी केली. स्थिर हातानं सह्या केल्या, आल्यागेल्याची विचारपूस केली, अक्कांच्या सहकाऱ्यांना ती बैलाची गोष्ट सांगून हसवलंसुद्धा. लोक मला म्हणत होते, भाऊ किती खंबीर आहेत. मला मात्र धाय मोकलून रडायचं होतं आणि शेजारी माझा नवरा प्रसन्न चेहऱ्यानं उभा होता. दिवसभर माझा डोळा त्या खिशावर. एक नंबर दाबला की झालं. ज्या बहिणीसाठी सगळं सोडलं ती गेली, हे त्यांना कळेल तरी. हात पुढे गेलाही माझा... पण मंद्रूपहून येतानाची ती गाडी आठवली आणि मी नुसतं विचारलं, "अहो, एकवर घेता का?" ते म्हणाले, "कशाला? बरं हाय की." मी गप्प बसले. असं गप्प बसणं मला जन्मात कधी जमलं नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस ते दोनवरच राहिले. डिझाईनवर डिझाईन काढत होते, पण एकवर येऊन एकही बघितलं नाही. भेटायला येणाऱ्यांशी हसून बोलायचे. मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे आणि मला वाटायचं, बहीण गेल्याचं यांना कधी कळणारच नाही, आणि आता हा भार मी एकटीनंच वाहायचा. रागही यायचा, त्या तारेचा, त्या पुण्याच्या डॉक्टरांचा, आणि सरळच सांगते, अक्कांचासुद्धा. रिमोट खिशात द्यायला लावून त्या स्वतः निघून गेल्या होत्या.

एका संध्याकाळी मी निवडायला मेथी घेऊन बसले होते. चंद्रकांत टेबलावरून उठून माझ्या समोर येऊन बसले. खिशाचं झाकण उघडलं, रिमोट काढला आणि एक नंबर लावला. हळूहळू उजवा हात थरथरायला लागला, मग डावा. मी म्हणाले, "आत्ता का? काम चाललं होतं की." ते बोलायला लागले. "दोनवर..." मी मेथी खाली ठेवली. "दोनवर... अक्का... आठवती..." पुढचं वाक्य मला सुचलं होतं, दोन-तीन सुचली होती. मी ओठ दाबून बसून राहिले. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा एक डाव झाला असेल. "...पण... दुखत न्हाय." आणि मग, आणखी बऱ्याच वेळानं, "दुखाया... पायजे." त्यांचा चेहरा पिळवटला. आम्ही दोघंही रडलो. त्यांचे हात जोरात थरथरत होते आणि मी ते धरून थांबवायला गेले नाही.

अक्कांचे विद्यार्थी आता ते पुस्तक तसंच, शेवटच्या प्रकरणाशिवाय छापायचं म्हणताहेत. छापू देत. आमच्याकडे दिवसभर चंद्रकांत दोनवर असतात, काम करतात, माझी थट्टा करतात, आणि मला ते अजूनही आवडतं. दिवेलागणीला पेन्सिल ठेवतात, खुर्ची खिडकीकडे वळवतात आणि एकवर जातात. तासभर. त्या वेळात डिझाईनवाल्यांचे फोन येतात, कुणी दारात येऊन उभं राहतं. मी उंबऱ्यावरच थांबवते आणि सांगते, "आत्ता नाही भेटायचे. ते अक्कांकडे गेलेत."